विकत घेतलेला गेम सुरूच होत नाही? आधी कुलूप कोणतं ते ओळखा

पैसे मोजून घेतलेला गेम. मागच्या महिन्यापर्यंत नीट चालत होता. मध्ये विंडोज बदललं, किंवा नवा प्रोसेसर बसवला, किंवा नुसताच बरेच दिवस गेम उघडला नव्हता. आज आयकॉनवर डबल क्लिक केलं, माउसच्या बाणाशेजारी निळं वर्तुळ दोन सेकंद फिरलं आणि गेलं. ना एरर, ना खिडकी. टास्क मॅनेजर उघडून ठेवलात तर गेमचं नाव यादीत क्षणभर येऊन गायब होताना दिसतं, एवढाच काय तो पुरावा.

ही तक्रार सतत कानावर येते आणि तिच्यावरचे सल्लेही ठरलेले असतात: ग्राफिक्स ड्रायव्हर अपडेट कर, ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालव, काढून पुन्हा टाक. पहिले दोन निरुपद्रवी आहेत. तिसऱ्याने मात्र अनेकांचं कायमचं नुकसान झालंय, ते कसं हे पुढे सांगतो. गेम असा काही न बोलता बंद होत असेल, तर ड्रायव्हरच्या आधी कॉपी प्रोटेक्शनवर, म्हणजे नक्कल रोखायला कंपनीने गेमला लावलेल्या कुलपावर, संशय घ्या.

निदानासाठी एकच प्रश्न विचारायचा: हा गेम सुरू होण्याआधी परवानगी कोणाकडे मागतो? ड्राइव्हमधल्या डिस्ककडे? विंडोजच्या पोटातल्या एखाद्या ड्रायव्हरकडे? दुकानाच्या लाँचरकडे, म्हणजे गेम उघडून देणाऱ्या ॲपकडे? की दूर कुठेतरी असलेल्या सर्व्हरकडे? ज्याच्याकडे मागतो तो आज जागेवर नाही, म्हणून गेम अडलाय. कुलूप कळलं की अर्धं काम झालं, कारण एका कुलपाचा उपाय दुसऱ्याला लागू पडत नाही.

ओळखायचं कसं? गेम कोणत्या साली आला त्यावरून ढोबळ अंदाज येतो. २००७-०८ पर्यंतचे डिस्कवरचे गेम बहुधा सेफडिस्क, सेक्युरॉम किंवा स्टारफोर्स या कुलपांचे. साधारण २००७ ते २०१३ या काळात इंटरनेटवरून ॲक्टिव्हेशन (कंपनीच्या सर्व्हरवर तुमच्या मशीनची नोंद) आणि मायक्रोसॉफ्टचं गेम्स फॉर विंडोज लाइव्ह. २०१४ नंतरच्या मोठ्या गेममध्ये डेन्यूव्हो, आणि त्याच्या वर प्रकाशकाचा स्वतःचा लाँचर. खात्री करायची तर पीसीगेमिंगविकी या साइटवर गेमचं नाव टाका. कोणत्या दुकानातल्या आवृत्तीला कोणतं प्रोटेक्शन आहे हे तिथे तक्त्यात दिलेलं असतं. स्टीम या ऑनलाइन दुकानातून घेतलेला गेम असेल तर त्याच्या पानावर उजव्या बाजूला तिसऱ्या कंपनीच्या प्रोटेक्शनचा आणि वेगळ्या अकाउंटचा उल्लेख असतो. विकत घेताना तिकडे सहसा कोणी बघत नाही.

डिस्क हातात आहे, तरी "मूळ डिस्क घाला" म्हणतोय

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून किंवा पुण्याच्या तापकीर गल्लीतून घेतलेली खोकी अजून ज्यांनी माळ्यावर जपून ठेवली आहेत, त्यांच्यासाठी हा भाग. डिस्कवर एक ओरखडा नाही, एक्स्टर्नल डीव्हीडी ड्राइव्ह नवा आहे, इन्स्टॉलही व्यवस्थित झालं, आणि गेम मात्र मूळ डिस्क मागतो किंवा नुसताच मिटतो.

दोष डिस्कचा नाही. मॅक्रोव्हिजन कंपनीचं सेफडिस्क डिस्कवर अशा खुणा ठेवायचं की साध्या सीडी रायटरला त्या उतरवता येऊ नयेत, आणि त्या खुणा तपासायला सेकड्रव्ह नावाचा एक ड्रायव्हर थेट विंडोजच्या गाभ्यात बसवायचं. अशा जागी बसलेल्या ड्रायव्हरमध्ये भोक असलं की त्यातून घुसणाऱ्याला अख्ख्या कॉम्प्युटरचा ताबा मिळतो. मायक्रोसॉफ्टने २०१५मध्ये विंडोज १० आणलं ते या ड्रायव्हरशिवाय. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये एका सुरक्षा अपडेटने व्हिस्टा, ७, ८ आणि ८.१ वरही तो बंद करून टाकला. सेक्युरॉमच्या जुन्या आवृत्त्यांचीही विंडोज १० वर तीच गत झाली. मायक्रोसॉफ्टचा निर्णय सुरक्षेच्या दृष्टीने बरोबरच होता. पण तो ड्रायव्हर गेमच्या नावाखाली लाखो घरांत बसवणाऱ्यांनी या गिऱ्हाइकांना पुढे काय दिलं, हा प्रश्न उरतोच.

उपाय या क्रमाने करून बघा. पहिला, गेमचा शेवटचा अधिकृत पॅच, म्हणजे कंपनीने नंतर दिलेली दुरुस्तीची फाइल, शोधा. बऱ्याच कंपन्यांनी विक्रीचा भर ओसरल्यावर शेवटच्या पॅचमध्ये डिस्कची तपासणी काढून टाकली आहे. 'अनरिअल टूर्नामेंट २००४'ला असा पॅच आहे. पोलंडच्या सीडी प्रोजेक्टने 'द विचर'मधून पुढच्या पॅचमध्ये डिस्क तपासणी काढली, आणि मे २०११मध्ये आलेल्या 'द विचर २'च्या खोक्यातल्या आवृत्तीतून सेक्युरॉम तर पहिल्याच मोठ्या पॅचमध्ये, त्याच महिन्यात काढून टाकलं. खोक्यातून इन्स्टॉल केलेला गेम पॅच न टाकता चालवायला जाणारे आणि हताश होणारे खूप आहेत.

दुसरा, खोक्यातली 'की', म्हणजे कागदावर किंवा कव्हरवर छापलेला अक्षर-आकड्यांचा कोड, डिजिटल दुकानात चालते का बघा. सगळ्या चालत नाहीत. पण 'हाफ-लाइफ'च्या मूळ सीडीवरची की स्टीमवर टाकली तर गेम तुमच्या खात्यात जमा होतो. काही प्रकाशकांच्या कस्टमर सपोर्टने की आणि खोक्याचा फोटो पाहून डिजिटल प्रत दिल्याची उदाहरणं आहेत. विचारायला पैसे पडत नाहीत.

तिसरा, जुनं मशीन. घरात विंडोज एक्सपीवर चालणारा एखादा जुना डेस्कटॉप असेल तर तो भंगारात देऊ नका. त्याची इंटरनेटची वायर काढा आणि त्याला फक्त गेमसाठी ठेवा. विंडोज ७ किंवा ८.१ असेल तर सेकड्रव्हची सेवा हाताने सुरू करता येते, मायक्रोसॉफ्टनेच त्या अपडेटसोबत तशी सोय दिली होती. खेळण्यापुरती सुरू करायची, खेळ झाला की बंद. नेट आधीच काढून ठेवलेलं बरं.

एक गोष्ट मात्र कृपा करून करू नका. विंडोज १० किंवा ११ वर कुठून तरी उतरवलेली सेकड्रव्हची फाइल टाकून, ड्रायव्हरच्या सहीची तपासणी बंद करून गेम चालवणारे व्हिडिओ आहेत. ज्या मशीनवर तुमचं बँकेचं लॉगिन आहे तिथे हे करणं म्हणजे वीस वर्षांपूर्वीच्या गेमसाठी सगळंच पणाला लावणं.

स्टारफोर्सचं वेगळं सांगतो. त्याचे जुने ड्रायव्हर ६४ बिट विंडोजवर चालत नाहीत आणि गेम काढला तरी ते मागे राहतात. ते काढायचं टूल कंपनीनेच दिलेलं होतं. गिऱ्हाइकांचा इतका संताप झाला की युबिसॉफ्टने २००६मध्ये स्टारफोर्स वापरणं थांबवलं.

आणि सेटअपच सुरू होत नसेल, "हे ॲप तुमच्या पीसीवर चालू शकत नाही" असं विंडोज म्हणत असेल, तर प्रोटेक्शनचा काही संबंध नाही. नव्वदीतल्या कित्येक गेमचा इन्स्टॉलर १६ बिट आहे आणि ६४ बिट विंडोज तो चालवतच नाही.

ॲक्टिव्हेशन संपली

पुन्हा इन्स्टॉल करू नका असं का म्हणतो, ते इथे कळेल.

ऑगस्ट २००७मध्ये 'बायोशॉक' आला तेव्हा पीसीवर त्याला दोनच ॲक्टिव्हेशन होती. ओरड झाल्यावर पाच झाली, आणि २००८मध्ये ही मर्यादा उठवली गेली. त्याच वर्षी इलेक्ट्रॉनिक आर्ट्सचा 'स्पोअर' तीन ॲक्टिव्हेशनसह आला. ॲमेझॉनवर हजारो लोकांनी त्याला एक तारा देऊन निषेध नोंदवला. मग तीनाची पाच झाली आणि आधीचं ॲक्टिव्हेशन परत करायचं टूल आलं. आणि ज्यांना रोखायला हे सगळं केलं, त्यांच्या हातात 'स्पोअर' विक्रीला यायच्या आधीच पोचला होता. अडकले ते पैसे मोजणारे.

या कुलपात मशीन कसं मोजतात हे समजून घ्या. गेम तुमच्या हार्डवेअरवरून एक ओळख तयार करतो आणि सर्व्हरवर नोंदवतो. भाग बदलला की ओळख बदलते, आणि सर्व्हरच्या लेखी तो दुसरा कॉम्प्युटर होतो. 'ॲनो २०७०'ला तीन ॲक्टिव्हेशन होती. २०१२च्या सुरुवातीला एका हार्डवेअर साइटने ग्राफिक्स कार्डांच्या चाचणीसाठी तो गेम वापरला, तर नुसतं कार्ड बदललं तरी एकेक ॲक्टिव्हेशन खर्च होत गेलं.

म्हणून या काळातला गेम चालेनासा झाला तर आधी तो ज्या स्थितीत आहे त्याच स्थितीत राहू द्या. विंडोज फॉरमॅट करायचं असेल, रॅम-कार्ड बदलायचं असेल, तर त्याआधी गेममधून किंवा कंपनीच्या टूलमधून डीॲक्टिव्हेट करा. फॉरमॅट झाल्यावर ते ॲक्टिव्हेशन तुमच्या हातात राहत नाही. ते परत मिळवायला सपोर्टला लिहावं लागतं आणि ते तुमच्याकडे बिल मागतात. पंधरा वर्षांपूर्वीचं दुकानाचं बिल किती जणांकडे असणार? खोक्याचा, डिस्कचा आणि की छापलेल्या कागदाचा फोटो आजच काढून ठेवा. थर्मल कागदावरचं बिल उडतं, फोटो राहतो.

आणि ॲक्टिव्हेशन शिल्लक असूनही सर्व्हरच नसेल तर? डिस्नेच्या 'ट्रॉन: इव्होल्यूशन'चं २०१९मध्ये हेच झालं. त्याचं सेक्युरॉमचं लायसन संपलं आणि रीतसर विकत घेतलेल्यांनाही तो सुरू करता येईना. अशा वेळी तुमच्या मशीनवर काहीही करून उपयोग नसतो. हे आधी ओळखलं तर निदान एक रविवार वाचतो.

गेम्स फॉर विंडोज लाइव्ह: सगळ्यात जास्त त्रास इथेच

मायक्रोसॉफ्टने २००७मध्ये एक्सबॉक्सची लॉगिन व्यवस्था पीसीवर आणली. 'फॉलआउट ३', 'बॅटमॅन: अर्कम असायलम', 'बायोशॉक २', 'डर्ट ३', 'जीटीए ४' असे तगडे गेम तिच्यावर बांधले गेले. ऑगस्ट २०१३मध्ये तिचं दुकान बंद झालं. गेम मात्र लोकांच्या घरात राहिले.

लक्षणं ठरावीक आहेत. विंडोज १० किंवा ११ वर एक्सलाइव्ह ही डीएलएल फाइल सापडत नाही असा संदेश येतो. नाहीतर गेम सुरू होतो, लॉगिनची खिडकी येते, आणि पासवर्ड बरोबर असून आत जाता येत नाही. लॉगिन नाही म्हणून सेव्ह नाही. दोन तास खेळून बाहेर पडलं की सगळं पुन्हा पहिल्यापासून.

पहिला उपाय म्हणजे गेमची आजची आवृत्ती घेणं. बऱ्याच गेममधून हे कुलूप काढलं गेलंय आणि अनेकांना ते माहीतच नाही. 'अर्कम असायलम' आणि 'बायोशॉक २' स्टीमवर २०१३मध्येच मोकळे झाले. 'फॉलआउट ३'च्या स्टीम आवृत्तीतून ते ऑक्टोबर २०२१मध्ये निघालं. त्याआधीचे सल्ले अजून सर्चमध्ये वर दिसतात, आणि लोक नसलेलं कुलूप उघडायला जुन्या फाइली टाकत बसतात. सल्ल्याची तारीख बघितल्याशिवाय एकही फाइल टाकू नका.

'जीटीए ४'चं प्रकरण जरा सविस्तर सांगण्यासारखं आहे. पीसीवर तो डिसेंबर २००८मध्ये आला तेव्हा त्यावर तीन-तीन बंधनं होती: सेक्युरॉम, मायक्रोसॉफ्टचं लाइव्ह आणि रॉकस्टारचं स्वतःचं सोशल क्लब. गेम मध्येच अडला तर तिघांपैकी कोणी अडवलंय हेच कळायचं नाही. जानेवारी २०२०मध्ये तो स्टीमवर विकायचा थांबला, कारण मायक्रोसॉफ्टकडून नव्या की तयार करून मिळत नव्हत्या. इतका गाजलेला गेम, गिऱ्हाईक पैसे घेऊन उभं, आणि की संपल्या म्हणून विक्री बंद. मार्च २०२०मध्ये लाइव्ह काढलेली पूर्ण आवृत्ती आली आणि जुन्या मालकांनाही ती मिळाली. पण तिच्यात मल्टिप्लेअर नाही. त्याच्याही आधी, २०१८मध्ये, गाण्यांचे दहा वर्षांचे करार संपल्यामुळे रेडिओवरची बरीच गाणी काढली गेली होती. तेव्हा 'जीटीए ४' अडला असेल तर जुनी आवृत्ती दुरुस्त करायच्या मागे लागू नका, दुकानातून ताजी उतरवा. फक्त आधी सेव्ह फोल्डरची प्रत दुसरीकडे काढून ठेवा.

ज्या गेमला अशी सुटका मिळाली नाही, त्यांच्यासाठी एक मार्ग लाइव्हमध्येच दडलेला आहे. गेममध्ये होम बटण दाबा, लाइव्हची पट्टी उघडेल. नवं प्रोफाइल तयार करा असं निवडलं की एक लांबलचक मजकूर येतो. तो सगळा खाली सरकवत जा. अगदी तळाशी, वाक्याच्या ओघात, लोकल प्रोफाइल तयार करण्याची लिंक आहे. ती बटणासारखी दिसत नाही, म्हणून वर्षानुवर्षं लोकांच्या नजरेतून सुटते. लोकल प्रोफाइलला इंटरनेट लागत नाही, आणि ते केलं की सेव्ह सुरू होतं. ज्या गेमना सर्व्हरवरून ॲक्टिव्हेशन सक्तीचं आहे त्यांना मात्र हे पुरत नाही.

नवे गेम: डेन्यूव्हो, प्रोसेसर आणि थांबून बघणं

डेन्यूव्हो ऑस्ट्रियातल्या साल्झबुर्गचं. २०१४च्या 'फिफा १५'पासून ते दिसू लागलं आणि २०१८मध्ये इरडेटो कंपनीने ते विकत घेतलं. ते हार्डवेअरवरून मशीनची ओळख काढतं आणि सर्व्हरकडून त्या मशीनपुरतं टोकन, म्हणजे डिजिटल परवानगीपत्र, आणतं. टोकन असेपर्यंत नेट नसलं तरी चालतं. हार्डवेअर बदललं, गेमचं अपडेट आलं, की पुन्हा विचारणा.

इथे तीन वेगवेगळ्या समस्यांची गल्लत होते.

एक, दिवसभरात फार मशीन झाली. कित्येक गेमच्या स्टीमवरच्या पानावरच लिहिलेलं असतं: एका दिवसात पाच वेगवेगळे पीसी. तुम्ही म्हणाल माझ्याकडे तर एकच आहे. पण लिनक्सवर किंवा स्टीम डेक या हातात धरायच्या पीसीवर प्रोटॉनची (विंडोजचे गेम लिनक्सवर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरची) आवृत्ती बदलली की डेन्यूव्होला तो नवा पीसी वाटतो. गेम नीट चालत नाही म्हणून एकामागून एक प्रोटॉन बदलून बघणारा माणूस अर्ध्या तासात कोटा संपवतो. उपाय एकच, चोवीस तास काही न करता थांबा.

दोन, इंटेलचे बाराव्या पिढीचे आणि त्यानंतरचे प्रोसेसर. नोव्हेंबर २०२१मध्ये ते आले तेव्हा त्यांच्यात दोन प्रकारचे कोअर होते, ताकदीचे आणि वीज वाचवणारे. काही गेममधलं प्रोटेक्शन वीज वाचवणाऱ्या कोअरना दुसराच कॉम्प्युटर समजलं आणि गेम बंद पाडू लागलं. इंटेलने स्वतः पन्नासहून जास्त गेमची यादी काढली. बहुतेकांना नंतर गेमच्या किंवा विंडोजच्या अपडेटमधून दुरुस्ती मिळाली, पण तुमच्याकडे गेमची जुनी आवृत्ती असेल तर हे आजही होऊ शकतं. बायोसमध्ये (कॉम्प्युटर सुरू होतानाच उघडता येणाऱ्या सेटिंगमध्ये) लेगसी गेम कंपॅटिबिलिटी मोड नावाचा पर्याय शोधा आणि सुरू करा. मग विंडोजमध्ये आल्यावर, गेम उघडायच्या आधी, कीबोर्डवरचं स्क्रोल लॉक दाबा. वीज वाचवणारे कोअर बाजूला होतात. खेळून झालं की पुन्हा दाबा. लॅपटॉपवर ते बटण नसेल तर विंडोजचा ऑन-स्क्रीन कीबोर्ड वापरा.

तीन, त्यांच्याकडचंच काहीतरी बिघडलं. नोव्हेंबर २०२१मध्येच एका शनिवार-रविवारी डेन्यूव्हो वापरत असलेल्या एका डोमेनचं नूतनीकरण राहून गेलं, आणि जगभरातल्या लोकांचे पैसे देऊन घेतलेले गेम बंद पडले. ज्यांनी त्या दिवशी घाबरून विंडोज फॉरमॅट केलं त्यांची मेहनत पाण्यात गेली. म्हणून नवा गेम अचानक बंद पडला तर आधी इतरांचाही पडलाय का ते बघा. सगळ्यांचाच पडला असेल तर वाट बघा, मशीनला हात लावू नका.

गेम चालतोय पण अडखळतोय, ही तक्रार वेगळी. तिच्यासाठी दर वेळी प्रोटेक्शनला जबाबदार धरणं बरोबर नाही, पण 'रेसिडेंट ईव्हिल व्हिलेज'च्या बाबतीत २०२१मध्ये कुलूप काढलेली चोरीची प्रत विकतच्या प्रतीपेक्षा सुरळीत चालते हे तपासणीत दिसलं, आणि मग कॅपकॉमने पॅच आणला. पुढे २०२३मध्ये त्या गेममधून डेन्यूव्होच निघालं. हे बऱ्याच गेमचं होतं: पहिल्या काही महिन्यांची विक्री झाली की कंपनी ते काढून टाकते. 'डूम'मधून ते २०१६च्या डिसेंबरमध्येच निघालं होतं. ज्यांना घाई नाही त्यांनी थांबावं. किंमतही उतरते आणि कुलूपही सुटतं.

नेट नसताना: गावी जायच्या आधीची तयारी

गणपतीला कोकणात गेलात, लॅपटॉप उघडला, आणि स्टीम म्हणतं इंटरनेट नाही. ऑफलाइन मोड आहे, पण तो घरी असतानाच तयार करावा लागतो. निघायच्या आदल्या दिवशी स्टीममध्ये लॉगिन करून पासवर्ड लक्षात ठेवण्याची खूण करा. जे गेम न्यायचेत त्यांचं अपडेट पूर्ण होऊ द्या. प्रत्येक गेम एकदा उघडून मुख्य मेनूपर्यंत जाऊन या, म्हणजे पहिल्या वेळची इन्स्टॉलेशन आणि टोकनं होऊन जातात. मग स्टीमच्या मेनूतून ऑफलाइन व्हा, वायफाय बंद करा आणि गेम पुन्हा उघडून बघा. ही शेवटची पायरी लोक टाळतात, आणि सगळी माहिती तिथेच मिळते. स्टीमवर घेतलेला गेम जर आतून युबिसॉफ्टचा, रॉकस्टारचा किंवा इलेक्ट्रॉनिक आर्ट्सचा लाँचर उघडत असेल, तर त्या लाँचरलाही वेगळं ऑफलाइन करावं लागतं.

काही गेमना ऑफलाइन हा प्रकारच नाही. 'सिमसिटी' मार्च २०१३मध्ये सतत नेट लागणारा म्हणून आला, सर्व्हर कोसळले, आणि नेटशिवाय खेळायची सोय यायला एक वर्ष गेलं.

लाँचरची दुसरी अडचण जुन्या विंडोजची. १ जानेवारी २०२४ पासून स्टीमने विंडोज ७, ८ आणि ८.१ चा आधार काढून घेतला. २०१० साली विंडोज ७ वर घेतलेला गेम आजच्या विंडोजवर चालत नाही आणि ज्या विंडोजवर चालतो तिथे स्टीम चालण्याची हमी नाही, अशा कात्रीत अनेक जण आहेत. अशा वेळी गेमच्या फोल्डरमधली मुख्य फाइल स्टीमशिवाय थेट उघडून बघा. स्टीमवरच्या काही गेमना स्टीमचं कुलूप नसतंच, आणि ते तसे सुरू होतात.

पैसे भरताना आणि की टाकताना

कार्ड चालत नसेल तर बँकेच्या ॲपमध्ये ऑनलाइन आणि परदेशी व्यवहार सुरू आहेत का बघा. मार्च २०२० पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार नव्या कार्डांवर ते बंदच येतात. स्टीमवर यूपीआय चालतं, ते सोपं. स्वस्तात की विकणाऱ्या साइटवरून घेतलेली की दुसऱ्या देशापुरती असू शकते किंवा चोरीच्या कार्डावरची असू शकते. जानेवारी २०१५मध्ये युबिसॉफ्टने अशाच की रद्द केल्या आणि लोकांच्या खात्यातून 'फार क्राय ४' गेला. पुण्याहून डब्लिनला किंवा न्यू जर्सीला गेलेल्यांनी स्टीमचा देश बदलताना त्या देशाचं कार्ड हाताशी ठेवावं, आणि हा बदल तीन महिन्यांतून एकदाच होतो हे लक्षात असू द्यावं.

क्रॅक टाकू का?

क्रॅक म्हणजे कुलूप मोडण्यासाठी कोणीतरी बदललेली गेमची फाइल. हा प्रश्न येतोच, म्हणून सरळ उत्तर देतो. आपल्या कॉपीराइट कायद्यात २०१२मध्ये ६५ए हे कलम आलं. हक्कभंगाच्या हेतूने तांत्रिक संरक्षण मोडलं तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड आहे. कायद्याने मनाई नसलेल्या कामासाठी ते ओलांडलं तर त्यात सूट आहे, पण आपलं काम त्या सुटीत बसतं हे कोर्टात जाऊन ठरवून घेण्याची ताकद आपल्यापैकी कोणात नाही. त्याहून रोजचा धोका म्हणजे अनोळखी माणसाने बनवलेली फाइल तुम्ही ॲडमिनिस्ट्रेटरचे हक्क देऊन चालवता. वर सांगितलेले मार्ग आधी संपवा. माझा राग क्रॅक टाकणाऱ्या जुन्या गिऱ्हाइकावर नाही. विकलेली वस्तू चालती ठेवायची जबाबदारी झटकणाऱ्यांवर आहे.

जिथे उपाय नाही

युबिसॉफ्टचा 'द क्रू' डिसेंबर २०१४चा. ३१ मार्च २०२४ला त्याचे सर्व्हर बंद झाले आणि एकट्याने खेळायचा भागही त्यांच्यासोबत गेला. यावर घरी करण्यासारखं काही नाही. यातूनच यूट्यूबर रॉस स्कॉट यांनी स्टॉप किलिंग गेम्स ही मोहीम सुरू केली आणि युरोपातल्या त्यांच्या नागरिक अर्जावर जुलै २०२५मध्ये दहा लाख सह्यांचा आकडा पार झाला. कॅलिफोर्नियात जानेवारी २०२५ पासून असा कायदा लागू आहे की डिजिटल वस्तू विकताना गिऱ्हाइकाला फक्त लायसन मिळतंय हे स्पष्ट सांगावं लागतं. स्टीमच्या कार्टमध्ये पैसे भरण्याआधी दिसणारी ती ओळ तिथूनच आली. आपल्याकडे खोकं घेणाऱ्यालाही हे कधी कोणी सांगितलं नव्हतं. सप्टेंबर २०१५मध्ये 'मेटल गिअर सॉलिड ५'ची पीसी डिस्क घेतलेल्यांना तिच्यात फक्त स्टीमचा काही एमबीचा इन्स्टॉलर सापडला, गेम नव्हताच.

म्हणून पुढची खरेदी करताना तोच गेम जीओजी या कुलूप न लावता गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानात आहे का हे आधी बघा. तिथल्या गेमचा ऑफलाइन इन्स्टॉलर उतरवून हार्ड डिस्कवर ठेवता येतो, आणि तो चालवायला कोणाची परवानगी लागत नाही. पण उतरवून ठेवला तरच. खात्यात नुसता पडून असलेला इन्स्टॉलर दुकानाच्याच भरवशावर असतो. मी एका एक्स्टर्नल डिस्कवर फोल्डर करून प्रत्येक इन्स्टॉलरसोबत शेवटचा पॅच आणि सेव्हची प्रत ठेवतो. स्टीमवर घेतलात तर पहिल्या दोन तासांत तो तुमच्या मशीनवर खरंच चालतो का हे तपासून घ्या. चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असाल तर पैसे परत मिळतात. ट्यूटोरियल नंतर बघा, आधी नेट काढून गेम उघडून बघा.

सपोर्टला लिहायची वेळ आलीच, तर पहिल्याच मेलमध्ये सगळं द्या: गेमचं नाव आणि आवृत्ती, कुठून आणि कधी घेतला, विंडोजची नेमकी आवृत्ती, प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड, हार्डवेअर किंवा विंडोज शेवटचं कधी बदललं, एररचा पूर्ण स्क्रीनशॉट, आणि बिलाचा किंवा खोक्याचा फोटो. एरर काहीच येत नसेल तर विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ॲप्लिकेशनच्या नोंदींत गेमच्या नावाची लाल खुणेची ओळ शोधा आणि ती जशीच्या तशी पाठवा. त्यात कोणत्या फाइलमुळे गेम बंद पडला त्या फाइलचं नाव असतं. भारतातल्या विक्रेत्याकडून घेतला असेल आणि तो दाद देत नसेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे. तक्रार करताना हीच माहिती तिथेही लागते.